वाचकांचे प्रश्न : बरणीवरची अक्षरे आणि खिडकीतले रंगीत पाणी

प्रश्न : आमचे नाशिकला काष्ठौषधींचे आणि औषधांचे जुने दुकान आहे. मुलगी जर्मनीत शिकते. तेथील औषधालयांची संग्रहालये पाहिल्यावर, आजोबांच्या दुकानात ठेवण्यासाठी एखादी प्रतिकृती आणावी असे तिच्या मनात आले. संग्रहालयांच्या दुकानांतून तिने फोटो पाठवले आहेत : मध्यभागी निमुळती, निळ्या नक्षीची मातीची बरणी, काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे असलेली काचेची बाटली, आणि कवटीचे चित्र असलेला मग. यांपैकी काय घ्यावे? बरणीत लोणचे ठेवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आमचे मत बरणीच्या बाजूने आहे, मात्र पैसे देण्यापूर्वी मुलीने ती हातात धरून पाहावी. या आकाराच्या बरणीला इटलीत ‘अल्बारेल्लो’ म्हणतात. हा आकार पश्चिम आशियातून युरोपात गेला आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत इटलीतील कुंभारांनी कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर रंगकाम करून त्याला नावारूपाला आणले. तो मध्यभागी निमुळता ठेवण्यामागे केवळ हौस नव्हती. फळीवर एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या बरण्यांतून हवी ती एक उचलताना बोटे आत जावीत, ही त्यातली सोय होती. बहुतेक बरण्यांना स्वतःचे झाकण नसे. तोंडावर चर्मपत्र किंवा कापड ताणून ते दोरीने आवळले जाई, आणि दोरी वर सरकू नये म्हणून काठ बाहेर वळवून त्याखाली खाच ठेवली जाई. प्रतिकृतीला हा काठ आणि ही खाच असेल, तर घडवणाऱ्याने मूळ वस्तू नीट पाहिली आहे असे समजावे. काठ सरळ आणि वर सोनेरी मुठीचे झाकण असेल, तर नक्षी कितीही देखणी असली तरी ती साखरेची बरणी झाली.

बरणीवरील लॅटिन नावही वाचून घ्यावे. जागेअभावी ही नावे बहुधा तोडून लिहीत, त्यामुळे ती प्रथमदर्शनी गूढ वाटतात. प्रत्यक्षात ‘राडिक्स’ म्हणजे मूळ, ‘सेमेन’ म्हणजे बी, ‘उंग्वेंटुम’ म्हणजे मलम, इतका साधा तो मामला असतो. निवडीला वाव असेल तर ‘झिंजिबर’ म्हणजे आले-सुंठ किंवा ‘कुर्कुमा’ म्हणजे हळद असे नाव असलेली बरणी घ्यावी, कारण हा माल आपल्याकडूनच समुद्रमार्गे त्या फळ्यांवर पोहोचत असे आणि तुमच्या दुकानात तो आजही असेलच.

बाटलीबाबत एक गंमत आहे, जी दुकानातल्या विक्रेत्यालाही ठाऊक असेलच असे नाही. जर्मन औषधसंहितेच्या जुन्या नियमांनुसार जहाल विषांच्या पात्रावर काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे, वेगळ्या ठेवायच्या तीव्र औषधांवर पांढऱ्या पट्टीवर लाल अक्षरे आणि नेहमीच्या औषधांवर पांढऱ्यावर काळी अक्षरे असत. घाईत चुकीच्या बाटलीला हात जाऊ नये, यासाठी ही तजवीज होती. तेव्हा काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत गुलाबपाण्याचे नाव असेल, तर ती बाटली केवळ ‘जुनी दिसावी’ म्हणून रंगवलेली आहे. संखियाचे, म्हणजे सोमलाचे (आर्सेनिकचे) नाव असेल तर रंग बरोबर आहे; मात्र चालू दुकानाच्या फळीवर ती बाटली ठेवावी का, हे आजोबांनी ठरवावे. कवटीच्या मगाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

लोणचे मात्र कदापि ठेवू नये. कथिलाच्या पारंपरिक झिलईत शिसे असे, आणि आंबट पदार्थाच्या संपर्कात शिसे सुटून अन्नात उतरते. आजच्या प्रतिकृतींची झिलई कशी आहे हे डोळ्यांनी कळत नाही. तळाशी ‘केवळ शोभेसाठी’ असे लिहिले असल्यास, किंवा ती खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित असल्याचा स्पष्ट उल्लेख नसल्यास, बरणी रिकामीच ठेवावी. तसेच जुन्या बाजारात एखादी अस्सल बाटली स्वस्तात मिळाली आणि तिच्या तळाशी काही सुकलेले दिसले, तर ती घेऊ नये. पूर्वी औषधांत पारा आणि संखिया सर्रास वापरले जात.

प्रश्न : बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील अमेरिकी चित्रकार एडवर्ड हॉपर यांच्या ‘ड्रग स्टोअर’ या चित्राची छापील प्रत पुण्यातील फार्मासिस्ट भावाला द्यायची आहे. त्या चित्रात जुलाबाच्या औषधाची जाहिरात आहे असे कळले. भेट म्हणून ते बरे दिसेल का?
— एक वाचक, बॉस्टन

उत्तर : अवश्य द्यावे. 1927 सालच्या या तैलचित्रात रात्रीच्या सुनसान कोपऱ्यावर एका औषधांच्या दुकानाची खिडकी तेवढी उजळलेली आहे, आणि वरच्या पाटीवर ‘एक्स-लॅक्स’ हे रेचकाचे नाव ठळक अक्षरांत आहे. ते झाकण्याचे कारण नाही. भावाचे लक्ष खिडकीतल्या रंगीत पाण्याच्या काचपात्रांकडे वेधावे. इंग्लंड-अमेरिकेत अशी पात्रे औषधविक्रेत्याची खूण मानली जात. मागे दिवा ठेवला की रंग दुरून दिसे आणि ज्याला पाटी वाचता येत नसे त्यालाही दुकान सापडे.

खरेदी करताना चित्र पूर्ण छापले आहे ना, एवढे पाहावे. मूळ चित्र सुमारे 74 बाय 102 सेंटिमीटरचे, म्हणजे आडवे आहे. चौरस वस्तूंवर ते बसवताना कडा कापल्या जातात, आणि भोवतीचा अंधार गेला की उजळलेल्या खिडकीचा परिणामही जातो. म्हणून पेल्याखालच्या चकतीपेक्षा साधे पोस्टकार्ड बरे. मोठी प्रत घेतल्यास ती नळकांड्यात गुंडाळून आणावी, चौकट पुण्यात करून घ्यावी, आणि थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर ती लावू नये.

प्रश्न : औषधांच्या जुन्या बरण्यांची चित्रे स्वतः छापून घेता येतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 पासून आपल्या संग्रहातील स्वामित्वमुक्त कलाकृतींची छायाचित्रे कोणत्याही वापरासाठी खुली केली असून त्यांत औषधांच्या बरण्याही आहेत. लंडनच्या ‘वेलकम कलेक्शन’ या संग्रहालयाकडे औषधालयांची चित्रे विपुल आहेत. मात्र तेथे प्रत्येक चित्राखालील परवाना वेगळा वाचावा लागतो, आणि काहींसाठी श्रेयनाम छापणे बंधनकारक असते.