थायरॉईडची गाठ आणि "शंभर टक्के सांगा ना"

"मॅडम, थायरॉईडमध्ये गाठ निघालीय, कॅन्सर तर नसेल ना?" हा प्रश्न हल्ली इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर ही माणसं माझ्याकडे येतात, कारण रिपोर्ट बरा असतो आणि झोप मात्र उडालेली असते.

अशाच एक ताई (ओळख बदललीय). चेकअपमध्ये १.८ सेंमीची गाठ दिसली, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) नॉर्मल, सोनोग्राफीवर टायरॅड्स ३, म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा १ ते ५ मधला नंबर. डॉक्टर म्हणाले सुईची तपासणी आत्ता नको, वर्षभराने परत बघू. ताईंचं म्हणणं, "थांबा म्हणजे काय, वर्षभर वाढू द्यायची का तिला? काढूनच टाकते." बोलताना अंगठा सारखा गळ्यावर, दाबून दाबून कातडी लाल झालेली, आणि रिपोर्टमधल्या 'माइल्डली सस्पिशस' (किंचित संशयास्पद) वर पिवळा मार्कर इतका फिरवलेला की कागद तिथे फुगला होता.

सुरुवातीची सेशन माहितीतच गेली. सोनोग्राफी केली तर मोठ्या माणसांत कितीतरी जणांना अशी गाठ सापडते, निम्म्यांपर्यंतसुद्धा, आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. गाठ काळपट आहे का, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत चुन्यासारखे बारीक ठिपके आहेत का, यावर मार्क देऊन टायरॅड्स ठरतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या २०१७ च्या पद्धतीत ३ नंबरला सुईची तपासणी गाठ अडीच सेंमीची असेल तिथपासून, ४ ला दीडपासून, ५ ला एकपासून. ३ मध्ये कॅन्सर निघायची शक्यता साधारण शंभरात ५. शिवाय थायरॉईडचा नेहमीचा कॅन्सर, पॅपिलरी, बहुतेकदा हळू चालणारा. जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलने तर १९९३ पासून एक सेंमीपर्यंतचे, कमी धोक्याचे असे कॅन्सर ऑपरेशन न करता नुसते नजरेखाली ठेवले.

सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "पण मी त्या पाचातली असले तर?"

मग मी आकडे सोडले. विचारलं, समजा गाठ काढली, पुढे?
"सुटले."
"आणि उरलेल्या थायरॉईडमध्ये दुसरी निघाली तर?"
"सगळीच काढायची."
"बरं, आणि मग छातीत काही लागलं हाताला?"
ताई बराच वेळ गप्प. मग एकदम हसायलाच लागल्या, "अहो मॅडम, असं काढत गेले तर मी उरणार कुठे?"

हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, पहिल्या दिवशी विचारला असता तर उठून गेल्या असत्या. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचाराने काम करणारी (इच्छेचा हट्ट झाला की त्रास होतो, असं तो म्हणायचा), मला तेव्हा स्पष्ट दिसलं की ताईंना धोका कमी करून नकोच होता, शून्य करून हवा होता, तोही लेखी. कॅन्सर नसावा ही इच्छा कुणाचीही असते, पण तशी गॅरंटी मिळाल्याशिवाय मी जेवणार नाही हा हट्ट झाला, आणि झोप गाठीने नाही तर या हट्टाने जाते. ऑपरेशनही फुकटात होत नाही हे त्यांनी त्यानंतरच नीट ऐकलं, म्हणजे आवाजाच्या नसेला धक्का, कॅल्शियम कमी होणं, सगळी ग्रंथी काढली तर जन्मभर गोळी.

तर डॉक्टरांना "कॅन्सर आहे का" एवढंच विचारून येऊ नका. टायरॅड्स किती, सुई लागेल का, नसेल तर पुढची सोनोग्राफी कधी, हे विचारा आणि तारीख लिहून घ्या. आवाज बसून राहिला, गिळायला त्रास व्हायला लागला, गाठ भराभर वाढली, मानेत दुसरी कडक गाठ लागली तर मात्र त्या तारखेची वाट बघायची नाही. आणि लहानपणी मानेला रेडिएशन दिलं असेल किंवा घरात कुणाला थायरॉईड कॅन्सर असेल तर ते आपणहून सांगा, नुसत्या सोनोग्राफीत ते दिसत नाही.

घरच्यांना एकच. "काही होत नाही गं" म्हणू नका, त्याने ती आणखी एकटी पडते. तारीख कधीची ते विचारा आणि त्या दिवशी सुट्टी टाका.