‘मलाच’मधला च

“मी नसलो की ऑर्डर येत नाही, मॅडम.” फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य फर्निचरवाल्याने म्हटलंय, सोलर हीटर विकणाऱ्याने म्हटलंय, होम-स्टेवाल्या बाईंनीही. धंदा वाढवायचा असतो आणि माणूस एकटा पुरत नाही. झोप उडते, पित्त खवळतं, मग माझी आठवण होते.

त्यातल्या एका काजूवाल्यांची गोष्ट, ओळख पुसून. डिचोलीकडे कारखाना, विक्रीला दोन पोरगे. “पोरांना सगळं शिकवलं. पण गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघून माल घेतं. ते शिकवून येत नाही.”

पहिल्या तीन भेटी रागातच गेल्या. चौथ्या भेटीत म्हटलं, “एक ऑर्डर पहिल्या फोनपासून सांगा. फक्त काय झालं तेवढंच.”

मडगावच्या मिठाईवाल्याने फोनवर भाव विचारला. यांनी भाव सांगितलाच नाही. विचारलं, काजू कशात घालणार? कतलीत. मग अख्खा कशाला? वाटायचाच आहे तर तुकडा घ्या. नमुना पाठवला. तिसऱ्या दिवशी फोन : कतली कशी झाली? भाव त्यानंतर.

“त्याआधीची?” कळंगुटचं हॉटेल, पाहुण्यांना द्यायचे डबे. तिथे १८० आणि २४० नंबर दाखवला. (हा आकडा म्हणजे पौंडाला जास्तीत जास्त किती दाणे, आकडा लहान, काजू मोठा. हे मीही तेव्हाच शिकले.) पुन्हा तेच : उपयोग, नमुना, तिसरा दिवस, भाव.

तिसरी ऑर्डर सांगता सांगता ते अडखळले. पंख्याकडे बघत म्हणाले, “मी दर वेळी तेच करतो की.”

मी बोलले नाही. या व्यवसायात मला काही जमलं असेल तर कधी गप्प बसायचं ते.

“हे बाबांचं,” ते हळूच म्हणाले. “त्यांच्या स्कूटरच्या डिकीत पुड्या असायच्या. मीही कुणाचं तरी बघूनच शिकलो.”

मी विवेकनिष्ठ वळणाची, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बघायला लावणारी. या पद्धतीचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून माणसाच्या हट्टी ‘पाहिजेच’वर बोट ठेवत राहिले. मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो. “मलाच बोलावं लागतं” हे मी कागदावर लिहिलं, त्यांनी ‘च’ खोडला. थोड्या वेळाने ‘मला’ही खोडलं.

तुमचीही हीच तक्रार असेल, तर पोरांना भाषण देऊ नका. आपल्या तीन ऑर्डरी आठवून लिहा. तिन्हींत जे सारखं निघेल ते वहीत रकाने पाडून मांडा : कशासाठी हवं, नमुना कधी दिला, पुढचा फोन कुठल्या तारखेला. सूट किती द्यायची हे पोराला आधीच सांगून ठेवा, म्हणजे दर वेळी तुमच्याकडे धावत येणार नाही. ‘नको’ म्हणणाऱ्याचं कारण त्याच्याच शब्दांत लिहा. पहिला महिना ऑर्डरी मोजू नका. पुढच्या फोनची तारीख कुठे कोरी राहिली, तेवढं बघा. कोऱ्या तारखेमागे बहुतेक वेळा भीती सापडते, आळस क्वचित.

चवथीच्या घाईत गृहस्थांनी पोराच्या हातातून फोन ओढून घेतला, ऑर्डर मिळवली आणि मला कौतुकाने सांगायला आले. विचारलं, “वहीत लिहिलंत?” नव्हतं लिहिलं. दोघेही हसलो.

शेवटच्या भेटीत वही घेऊन आले. एका पानावर पोराचं अक्षर, कोंकणीत : ‘पात्रांव (मालक) बेळगावाक. कतली. तुकडा दिला. गुरुवारी फोन.’ खाली दुसऱ्या शाईत, ‘५० किलो.’