ई. कोलायमध्ये डीएक्सएस वाढवूनही लायकोपीन का वाढत नाही?

लायकोपीन (टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य) बनवणारी जनुकं या जिवाणूत नीट चालत असतील, तर आधी एमईपी मार्गाच्या शेवटच्या दोन पायऱ्या तपासा. लायकोपीनचा कच्चा माल, म्हणजे आयपीपी आणि डीएमएपीपी, याच मार्गातून येतो.

डीएक्सएस हे या मार्गाचं पहिलं एन्झाइम पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट जोडून डीएक्सपी बनवतं. त्यात एक कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पुढचं एन्झाइम डीएक्सआर एनएडीपीएच खर्चून डीएक्सपीचं एमईपी करतं (फॉस्मिडोमायसिन हे प्रतिजैविक अडवतं ती हीच पायरी). पुढे आयएसपी-डी सीटीपी वापरतं, आयएसपी-ई एटीपी, आणि आयएसपी-एफ सीएमपी बाहेर टाकून वलयाकार एमईसीपीपी तयार करतं.

घोळ इथे होतो. एमईसीपीपीचं एचएमबीपीपी करणारं आयएसपी-जी आणि त्यापासून आयपीपी व डीएमएपीपी देणारं आयएसपी-एच, दोघांच्या गाभ्यात ४ लोह-४ गंधक समूह असतो. प्रत्येक पायरीला दोन इलेक्ट्रॉन लागतात, ई. कोलायमध्ये ते फ्लेव्होडॉक्सिन हे प्रथिन पुरवतं. समूह अपुरे पडले किंवा इलेक्ट्रॉन कमी आले, की एमईसीपीपी साचतं आणि पेशीबाहेरही जातं. म्हणून एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) पेशी आणि माध्यम दोन्हींतलं एमईसीपीपी मोजा.

ते साचलेलं दिसलं तर आयएसपी-जी वाढवा, पण बेतानं. त्याचा वेग आयएसपी-एचच्या पुढे गेला तर एचएमबीपीपी साचून पेशींची वाढ खुंटते. माध्यमात लोह पुरेसं ठेवा.

आयएसपी-एच आयपीपी आणि डीएमएपीपी साधारण ५:१ प्रमाणात देतं, त्यामुळे या दोघांची एकमेकांत अदलाबदल करणारं आयडीआय हे आयसोमरेज सोबत वाढवणं फायद्याचं. शुद्ध आयएसपी-जी किंवा आयएसपी-एच तपासायचं असेल तर ऑक्सिजनविरहित पेटीतच काम करा. हवेत समूह मोडतो आणि चांगलं एन्झाइमही निष्क्रिय दिसतं.