बांधावरच्या प्रसंगाचं शूट

प्रिय,

तुझी पटकथा आणि शॉटची यादी वाचली. तळ्याच्या बांधावरचं दोघी बहिणींचं बोलणं फार चांगलं उतरलंय. म्हणूनच ते सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत शूट करण्याचा बेत बदलावास असं मनापासून वाटतं. मेच्या मध्याला पुण्याच्या परिसरात माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, नाकाची सावली ओठांवर पडते, आणि ज्या नजरांवर हा प्रसंग उभा आहे त्याच दिसत नाहीत. सकाळी साडेसहा ते साडेनऊमध्ये उरक. राहिलंच तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला.

या तीन तासांतही उजेड सरकतच असतो, तेव्हा संवादाच्या क्रमाने शूट करू नकोस. दोघी आणि तळं एकत्र दिसणारा वाइड आधी घे. एवढ्या मोठ्या जागेतलं ऊन आपल्याला आवरता येत नाही. मग थोरलीच्या चेहऱ्याचा क्लोज, सूर्य तिच्या पाठीशी ठेवून. धाकटीसाठी कॅमेरा नुसता उलटा फिरवलास तर तिच्या तोंडावर थेट ऊन येईल आणि दोन शॉट एका वेळचे वाटणार नाहीत. त्यापेक्षा दोघींच्या जागांची अदलाबदल कर, म्हणजे ऊन तिच्याही पाठीशी जाईल. मात्र अशा वेळी कॅमेराही दोघींना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे न्यावा लागतो, नाहीतर नजरा उलटतात. थोरली चौकटीत डावीकडे पाहत असेल तर धाकटी उजवीकडेच पाहायला हवी. मागे धूसर झाडी असेल तर ही चलाखी खपते. देवळाचा कळस किंवा विजेचा खांब दिसला की पकडली जाते.

चेहऱ्यावर उजेड परतवायला चंदेरी रिफ्लेक्टरपेक्षा पांढरा थर्माकोल बरा, चंदेरीने कलाकार डोळे बारीक करतात. तो डोळ्यांच्या पातळीला धरायचा. हनुवटीखालून आलेला उजेड भेसूर दिसतो. ऊन चढलंच तर पीव्हीसी पाइपच्या सहा बाय सहा फुटी चौकटीवर पांढरं मलमल ताणून डोक्यावर धरा. दोघांनी धरायचं, वाऱ्याने चौकट उडून कुणाला लागता कामा नये.

सेकंदाला २५ फ्रेमला शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ, १/५० सेकंद. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १०० वर त्याला एफ/२२, म्हणजे लेन्सचं बारीक छिद्र, लागतं. तुला पार्श्वभूमी धूसर करायला एफ/२.८, म्हणजे मोठं छिद्र, हवं; म्हणजे सहा स्टॉपचा फरक (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे उजेड ६४ पटीने कमी करणारा एनडी ६४ फिल्टर. फिल्टर नाही म्हणून शटर १/२००० ला नेलंस तर चालणारी माणसं झटके खात चालताना दिसतील. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंगांचा समतोल) ५६०० केल्विनवर पक्का कर. ऑटोवर असला तर ढग येताच शॉटमध्येच त्वचेचा रंग बदलतो.

आवाजाला दुय्यम मानू नकोस. तळ्यावर वारा असतोच आणि तो नुसत्या फोमने अडत नाही, माइकला केसाळ विंडशील्ड लागतं. वाऱ्याची धडधड एकदा संवादावर बसली की एडिटमध्ये नीट निघत नाही. बूम (लांब दांडीवरचा माइक) वरून, चौकटीच्या कडेपर्यंत खाली आणायचा.

जागा त्याच वेळी आणि त्याच वारी पाहून ये. रविवारी शांत असणारा रस्ता आठवडी बाजाराला टेम्पोंनी भरतो. तळं ग्रामपंचायतीचं की जलसंपदा विभागाचं ते विचारून लेखी परवानगी जवळ ठेव.

सामान आवरण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड कर. तो नसला तर प्रत्येक कटला पार्श्वभूमी तुटल्यासारखी ऐकू येते.