डेनालीसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, सांगलीत राहतो. पेन्शन 80,000, घरखर्च 50,000. मुलगा ऑगस्टची सिएटलची तिकिटं काढायच्या बेतात आहे. तिथून अलास्कातलं डेनाली राष्ट्रीय उद्यान बघायचंय. पॅकेज दोघांचं साडेसहा लाख. सहकारी बँकेतली 10 लाखांची एफडी मोडू का? दुसरी शिल्लक नाही. पण हिचे गुडघे पुढे साथ देतील का, ही धास्ती आहे.

उत्तर : मोडू नका. साडेतीन लाख उरतील आणि गुडघ्याचं ऑपरेशन निघालंच तर हात पसरावे लागतील. जायचंच नाही असं मात्र मी म्हणत नाही. एक वर्ष थांबा.

थांबायचं कारण पैशाइतकंच रस्त्याचंही आहे. डेनालीत रस्ता एकच, 92 मैलांचा. खासगी गाडी पहिल्या 15 मैलांपर्यंत, पुढे उद्यानाची बस. हाच रस्ता ऑगस्ट 2021 मध्ये दरड सरकल्यामुळे 43व्या मैलाजवळ बंद झाला आणि तिथे पुलाचं काम हाती घ्यावं लागलं. 66व्या मैलावरचं आयल्सन पर्यटक केंद्र आणि 85व्या मैलावरचं वंडर लेक त्या पलीकडे येतात. माहितीपत्रकात वंडर लेकचा फोटो असेल, तर बस तिथवर नेणार का हे एजंटकडून लेखी घ्या. अर्ध्या रस्त्याला पूर्ण पैसे कशाला?

गुडघ्यांचं म्हणाल तर हे उद्यान बहुतेक जण बसमध्ये बसूनच बघतात. अस्वलं, कॅरिबू (तिथली रानहरणं) खिडकीतून दिसतात. निवेदन नसलेली ट्रान्झिट बस टूर बसपेक्षा स्वस्त पडते, आणि हवं तिथे उतरून मागची बस पकडता येते.

आता हिशेब. महिन्याला 30,000 उरतात; त्यातल्या 25,000 ची आरडी आजच सुरू करा. वर्षात तीन लाख आणि वर व्याज. मुलगा बरोबर असेल तर भाड्याच्या गाडीने, पॅकेजशिवाय, एवढ्यात चार-पाच दिवस बसवता येतील. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतला जातो; विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

हात एकाच ठिकाणी सैल सोडा : टॉकीट्ना गावाहून डेनाली शिखराकडे उडणारं छोटं विमान. 20,310 फुटांचं ते शिखर ढगांमुळे तिघांतल्या साधारण एकालाच दिसतं. उड्डाण हवामानामुळे रद्दही होतं, म्हणून एक दिवस मोकळा ठेवा. बस सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच धावतात. ऑगस्टअखेर गेलात तर डास कमी आणि टुंड्रा, म्हणजे तिथलं खुरटं माळरान, लाल झालेला. प्रवास विम्यात आजारपणात इस्पितळात हलवण्याचं कलम बघून घ्या, फेअरबँक्स हे मोठं शहर तिथून सुमारे 120 मैल आहे.

आणि तुम्ही न विचारलेलं एक. ठेव विमा एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंतच मिळतो. तुमचे 10 लाख एकाच सहकारी बँकेत आहेत. मुदत संपली की निम्मे दुसऱ्या बँकेत हलवा, आणि एकच मोठी पावती न करता लाख-लाखाच्या करा.