ब्रिटिश गायिका अडेलचं 'समवन लाइक यू' हे गाणं रिलीज झाल्या झाल्या हिट झालं होतं का?

नाही, निदान ब्रिटनमध्ये तरी नाही. जानेवारी २०११ मध्ये '२१' हा तिचा अल्बम आला तेव्हा सगळीकडे त्यातलं 'रोलिंग इन द डीप'च वाजत होतं. 'समवन लाइक यू' मात्र अमेरिकन गीतकार डॅन विल्सनसोबत लिहिलेलं, ड्रम नाही की गिटार नाही. फक्त पियानो आणि आवाज. रेडिओला असलं काही चालेल असं कुणाला वाटणार?

मग फेब्रुवारीत ब्रिट अवॉर्ड्स या ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांच्या मंचावर तिने ते गायलं. ना नाच, ना झगमगाट. शेवटी तिचेच डोळे भरून आले. त्याच आठवड्यात गाणं ब्रिटनच्या सिंगल्स यादीत ४७व्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर! ब्रिटनमधलं तिचं हे पहिलं नंबर वन. सिंगल्स (सुटी गाणी) आणि अल्बम अशा दोन्ही याद्यांत एकाच वेळी तिची दोन गाणी आणि दोन अल्बम पहिल्या पाचांत होते. हयात कलाकारांपैकी याआधी हे जमलं होतं ते १९६४ मध्ये बीटल्सना.

अमेरिकेतही तीच गोष्ट. ऑगस्टमध्ये एमटीव्हीच्या सोहळ्यात गायली आणि गाणं बिलबोर्डच्या अमेरिकी गाण्यांच्या यादीत १९वरून पहिल्यावर गेलं. पुढे २०१२ चा ग्रॅमीही मिळाला, बेस्ट पॉप सोलो परफॉर्मन्सचा. तो स्टुडिओतल्या मूळ रेकॉर्डिंगला. पण मला विचाराल तर हे गाणं ऐकायचं लाइव्हच.