चिठ्ठ्या फाडल्या ते बरंच केलं

ताई, पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावीत, दुपारी इंदूरच्या भंवरकुआंला जेईईचं कोचिंग, आणि हल्ली पुस्तक उघडलं की ‘मुझसे नहीं होगा’ म्हणून मिटते. तुम्ही कपाटावर ‘मी करू शकते’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, तिनं त्या फाडल्या. आता तिचे नकारात्मक विचार घालवायचे कसे, असं विचारता.

मी मुलीच्या बाजूचा आहे. वाईट विचाराच्या जागी गोड विचार बसवला की झालं, हा फार पसरलेला गैरसमज. न पटणारं वाक्य रोज समोर आलं की मूल स्वतःवरच चिडतं. मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक 1960च्या दशकापासून रुग्णांना वेगळंच शिकवत होते: मनात आलेलं वाक्य खरं आहे का, पुरावा काय, ते तपासा. तुम्ही कळवलेल्या मॉक टेस्टवर हेच करून बघू. फिजिक्सचे 25 पैकी 19 प्रश्न सोडवले, 8 बरोबर, 11 चूक. बरोबर उत्तराला 4 मार्क, चुकीला 1 वजा: 32 वजा 11, म्हणजे 100 पैकी 21. त्या 11 मध्ये तुक्के किती, हे तिलाच मोजू द्या. समजा 6 निघाले, तर ते नुसते सोडून दिले असते तरी 27 झाले असते. ‘मी तुक्के मारते’ हे वाक्य गोड नाही, पण त्यावर उद्या सकाळी बसून काम करता येतं.

मला खरी काळजी वाटली ती तुमच्या एका ओळीची. ‘आम्ही दबाव टाकत नाही, फक्त ती आली की मार्क विचारतो.’ रोज? चपला काढायच्या आधीच? आणि त्याखालीच, बाबांचं एसजीएसआयटीएस हे इंदूरचं इंजिनिअरिंग कॉलेज थोडक्यात हुकलं होतं, हेही आहे. त्यांचं राहिलेलं कॉलेज तिच्या डोक्यावर कशाला? महिनाभर घरात मार्कांचा विषय बंद, बाबांसकट. (माझ्या घरी मला चार दिवसही जमलं नव्हतं, तेव्हा सोपं आहे असं म्हणत नाही.)

जेईई मेन जानेवारी-एप्रिल अशी दोनदा होते, त्यातला चांगला स्कोअर धरतात. बी.एस्सी. करायचं असेल तर होळकर सायन्स कॉलेज 1891 पासून इंदूरातच आहे. पण तिला काय करायचंय, हे तुमच्या दोन पानांत कुठंच नाही.

झोप-जेवण बिघडलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तो फुकट आहे. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. हिंदीत लिहिलं तरी चालेल, फक्त तुम्ही आधी वाचू नका.